कोलोराडोत एल्कसाठी मझललोडर, .५० कॅलिबर, गोळी कुठली घेऊ?

पाइनवाटा:

नमस्कार मंडळी, यंदा कोलोराडोच्या ड्रॉमध्ये (परवान्यांच्या सोडतीत) सप्टेंबरच्या मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) सीझनचा मादी एल्कचा (मोठ्या हरणाचा) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागलाय आणि आता गोळीपाशी येऊन अडलोय. रायफल सीझनला म्यूल डिअरची शिकार केलीय पण ठासणीच्या बंदुकीने आजवर नुसते टार्गेटवरच बार काढलेत, एल्कएवढ्या दांडग्या जनावरावर कधी नाही.

बंदूक इनलाइन आहे, .५० कॅलिबर, नळीचा ट्विस्ट १:२८ (आतले आटे २८ इंचात एक फेरा घेतात), २०९ प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या टोपीवर) चालते. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मित्राने त्याच्याकडचं उरलेलं सामान दिलं, त्यात २५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारूचं माप) सॅबोटमधल्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या कपात बसवलेल्या, तांब्याच्या गोळ्या आणि पेलेटचं (दारूच्या तयार वड्यांचं) एक खोकं. टार्गेटवर त्याने ग्रुप झकास येत होता, गोळ्या एकमेकींजवळ लागत होत्या. मग नियमांची पुस्तिका नीट वाचायला घेतली तर हे दोन्ही इथे मझललोडर सीझनला चालत नाही असं दिसतंय, बरोबर ना?

आता सॅबोट गेला म्हणजे पूर्ण बोअरच्या (नळीच्याच मापाच्या) गोळ्या राहिल्या, तर त्यात २४५ ग्रेनपासून ४६० ग्रेनपर्यंत सगळं मिळतंय, कुठे मागे प्लॅस्टिक लावलेलं, कुठे नुसतं शिसं, कुठे तांब्याचा मुलामा. माझा एरिया साधारण ९५०० ते १०००० फुटांवर आहे, वर स्प्रूसचं दाट रान आणि मध्ये मध्ये कुरणं, त्यामुळे जनावर ४० यार्डावरही दिसू शकतं आणि कुरणाच्या पलीकडच्या कडेला १५० वरही. वजन किती घ्यावं, दारू किती घालावी आणि किती अंतरापर्यंत बार काढावा, ज्यांनी स्वतः केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. जनावर जखमी होऊन रानात गेलं आणि सापडलं नाही असं मला अजिबात होऊ द्यायचं नाहीये, म्हणून इतका खोलात जातोय.

गनिसनकर:

बरोबर वाचलंत. सॅबोट नाही, पेलेट नाही, दारू सुटीच हवी आणि तीही ब्लॅक पावडर किंवा तिचे पर्याय, स्मोकलेस नाही. स्कोप असेल तर उतरवा, साध्या साइट लागतात, फायबर ऑप्टिकचा रंगीत ठिपका चालतो पण बॅटरीवर चालणारं काहीच बंदुकीवर नको. एल्कला किमान .५० कॅलिबर, तो तुमचा आहेच. अजून एक नियम लोकांच्या नजरेतून सुटतो तो म्हणजे गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे तुमच्या .५० ला एक इंच. घ्याल ती गोळी कॅलिपरने मोजूनच घ्या, पाकिटावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

आणि भगवा किंवा गुलाबी फ्लोरोसंट कपडा ५०० चौरस इंच, वर टोपीसकट, तो मझललोडरवाल्यांनाही लागतो. धनुष्यवाल्यांना सूट असते, आणि ते त्याच दिवसांत त्याच रानात असतात म्हणून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

जुना_केप:

पाइनवाटा, मी थोडं सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी लोक ब्रँडवरून सुरू करतात. ब्रँड शेवटी. आधी नियम तुमची निवड किती अरुंद करून ठेवतो ते बघा, मग अर्धं काम झालेलं असतं.

सॅबोट गेला की .४५ ची बारीक लांबट गोळी प्लॅस्टिकच्या कपात बसवून सेकंदाला २००० फूट वेगाने मारायचा रस्ताच बंद होतो. गोळी नळीच्या मापाची हवी, म्हणजे जाड, म्हणजे वाऱ्याला अडणारी. त्यात लांबी एक इंचाच्या आत. आता त्या एका इंचात वजन भरायचं तर शिसंच लागतं, कारण शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ८.९, म्हणजे त्याच मापाची तांब्याची गोळी साधारण पाचव्या हिश्श्याने हलकी पडते, आणि तांब्याच्या गोळीला फुलण्यासाठी पुढे खोल पोकळी ठेवावी लागते त्यात अजून वजन जातं. म्हणून कोलोराडोच्या नियमात बसणाऱ्या पूर्ण बोअरच्या तांब्याच्या गोळ्या ३०० ग्रेनच्या आसपासच अडकतात, शिशाच्या मात्र ४०० च्या पुढे आरामात जातात.

वेग वाढवून ताकद मिळवायचा मार्ग बंद असेल तर वजनानेच मिळवायची, आणि खरं सांगायचं तर एल्कला तेच लागू पडतं. मादी म्हटली तरी सव्वादोनशे किलोच्या घरातलं धूड, नर तीनशेच्या वर, कातडी जाड, केस दाट, फऱ्याचं हाड मोठं. गोळी आत शिरून थांबली तर तेवढ्या केसांतून आणि चरबीतून रक्त बाहेर यायलाच वेळ लागतो आणि स्प्रूसच्या सुया पडलेल्या जमिनीवर माग काढणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा असते. मला आरपार गेलेली गोळी हवी असते, पलीकडच्या बाजूला खालच्या अंगाला मोठं भोक पडलं की रक्ताचा माग पहिल्या काही उड्यांतच सुरू होतो. ४०० ग्रेनच्या पुढची मऊ शिशाची चपट्या नाकाची गोळी सेकंदाला १३०० ते १४०० फूट वेगाने निघाली तरी दोन्ही फुप्फुसं फोडून बाहेर जाते, तिला फुलायची फार गरजही नसते कारण ती मुळातच अर्ध्या इंचाची आहे. हे वाक्य नवीन लोकांना पटायला वेळ लागतो पण .३० कॅलिबरची रायफलची गोळी फुलून जेवढी होते तेवढी ही निघतानाच असते.

तुमचा १:२८ ट्विस्ट या लांब जड गोळ्यांसाठी उत्तम आहे. १:४८ वाल्या जुन्या नळ्यांत मॅक्सी-बॉलसारखी ३७० ग्रेनची आखूड गोळी चालते, पण फार जड कोनिकल (निमुळत्या नाकाची लांबट गोळी) लांबवर गेली की डगमगायला लागते, तो त्रास तुम्हाला नाही.

आता जे खरं महत्त्वाचं आहे ते, माप. .५० कॅलिबर म्हटलं तरी प्रत्येक नळी .५००ची नसते, कुठली .५०१ कुठली .५०३. गोळी सैल बसली तर दारूचा गॅस बाजूने निसटतो, शिशाची कड जाळतो आणि ग्रुप उधळतो. आणि दुसरी गोष्ट याहून वाईट, सैल गोळी बंदूक खाली तोंड करून खांद्यावर टाकली की चालता चालता हळूहळू पुढे सरकते, दारू मागे आणि गोळी पुढे, मध्ये रिकामी जागा, अशा वेळी बार काढला तर नळी फुगू शकते, फाटू शकते. यासाठी उपाय सोपाय, दारू आणि गोळी नीट ठासल्यावर ठासायच्या गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण करा आणि रानात दर थोड्या वेळाने गज घालून बघा खूण जुळतेय का. तासन् तास चालल्यावर तर बघाच बघा. नवीन गोळी घरी ठासून (दारू न घालता, प्रायमर न लावता) बंदूक उलटी धरून झटका द्या, हलली तर ती गोळी तुमच्या नळीची नाही. बरेच कोनिकल बनवणारे वेगवेगळ्या मापात साइझ करून देतात, आधी नळी मोजून मग मागवा.

दारू आणि गोळीच्या मध्ये लोकरीच्या फेल्टचा वॅड घाला. गोळीची बूड जळत नाही, आणि माझ्या अनुभवात कोनिकलच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त फरक या एवढ्याशा वस्तूने पडतो.

दारूचं प्रमाण मापाने घ्यायचं, वजनाने नाही, पायरोडेक्स काय ट्रिपल सेव्हन काय (दोन्ही ब्लॅक पावडरचे पर्याय), ग्रेनचा आकडा म्हणजे ब्लॅक पावडरच्या मापाइतका आकारमानाचा. ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस असते, तिला ब्लॅक पावडरपेक्षा साधारण १५ टक्के कमी घ्यायचं. ७० पासून सुरू करा, पाच पाचने वर जा, ९० च्या आसपास ग्रुप घट्ट मिळाला की तिथेच थांबा. बंदुकीच्या पुस्तिकेत जी कमाल दिलीय ती कोनिकलसाठी वेगळी असू शकते तीही बघा. १२० घालून फक्त खांदा दुखतो, जड गोळीचा वेग फारसा वाढत नाही आणि नेम बिघडतो.

अंतर, १०० यार्ड. कुरणाच्या पलीकडच्या कडेला १५० वर दिसली तर जवळ जायचं नाहीतर सोडायची. १०० वर झीरो केलेली (त्या अंतरावर नेम जुळवलेली) ही गोळी १५० वर आठ ते दहा इंच खाली पडते आणि साध्या साइटच्या माशीखाली (पुढच्या टोकाखाली) तेवढ्या अंतरावर एल्कची निम्मी छाती झाकली जाते.

पाइनवाटा:

जुना_केप, खूप आभार, दोनदा वाचलं. गज खूण करून बघायचं कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका, पॉवरबेल्टबद्दल (मागे प्लॅस्टिक लावलेल्या गोळीबद्दल) उलटसुलट ऐकतोय, कुणी म्हणतं एल्कवर फुटून जातात कुणी म्हणतं वर्षानुवर्षं वापरतोय. आणि घरी लहान मुलं आहेत, मऊ शिशाची गोळी म्हटलं की मांसात शिसं किती उतरतं ही काळजी बायकोला आहे आणि मलाही.

फ्लॅटटॉप्स_भटक्या:

पॉवरबेल्टबद्दल मी सांगतो, मी त्याच वापरतो आणि जुना_केप यांच्याशी बाकी सगळं जुळतं पण कोनिकलच घ्या असं मी नवीन माणसाला सांगणार नाही. कारण ठासायला सोपी. थंडीत बोटं बधिर झालीयेत, पहिला बार झालाय, नळीत काजळी बसलीय आणि जनावर अजून उभंय, त्या वेळी घट्ट शिशाची गोळी गजाने खाली दाबणं आणि पॉवरबेल्ट सरकन आत जाणं यात फार फरक आहे. मागचा प्लॅस्टिकचा बेल्ट गॅस अडवतो, गोळी स्वतः पूर्ण बोअरची असते म्हणून ती सॅबोटमध्ये धरत नाहीत आणि इथे चालते, लांबीचा नियम मात्र तिलाही लागू.

फुटण्याची तक्रार खोटी नाही, पण ती कुठून येते बघा. हलकी, पोकळ नाकाची, २४५ किंवा २९५ ग्रेनची गोळी आणि तिच्यामागे १५० ग्रेनच्या मापाच्या पेलेट, ३० यार्डावर फऱ्याच्या हाडावर. आतलं शिसं मऊ, वर तांब्याचा नुसता पातळ मुलामा, त्या वेगाला ती पसरून जाणारच. तीच कंपनी ४०५ आणि ४४४ ग्रेनची पण करते, ती ८० ते ९० ग्रेन सुट्या दारूने मारा, फासळ्यांमधून, वेगळीच गोळी वाटेल. म्हणून एल्कला पॉवरबेल्ट घ्यायची तर जड घ्या आणि दारू आवरती ठेवा.

एक दोष तिचाही आहे आणि तो लपवणार नाही, ती सैल बसते म्हणूनच सोपी जाते, त्यामुळे पुढे सरकण्याचा धोका तिलाही आहे, काही नळ्यांत जास्तच. गजाची खूण इथे दुप्पट महत्त्वाची. ब्लॅकहॉर्न (आणखी एक पर्यायी दारू) वापरणार असाल तर अजून एक बघा, ती सुटी असते म्हणून चालते पण तिला गरम २०९ प्रायमर, त्या दारूला जुळणारा ब्रीच प्लग (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) आणि गोळीची घट्ट पकड लागते, सैल गोळीमागे ती कधीकधी नीट पेटत नाही. सैल गोळी असेल तर ट्रिपल सेव्हन बरी. तिच्या काजळीची नळीत प्रायमरच्या पुढे एक कडक कडी जमते, प्रत्येक बारानंतर ओलसर पॅच फिरवला की गेली.

आणि कधी आयडाहोला जायचा विचार असेल तर ही सगळी बंदूकच तिथल्या मझललोडर सीझनला चालणार नाही, तिथे २०९ प्रायमर नाही, बंदुकीचा घोडा बाहेर उघडा दिसला पाहिजे. हे नुसतं सांगून ठेवतो कारण लोक एका राज्याच्या नियमावर बंदूक घेतात आणि दुसऱ्या राज्यात नेतात.

रानजाई:

मी इथे वेगळं मत मांडते कारण कुणी गोल गोळीचं नावच काढलं नाही. माझी बंदूक साइडलॉक (घोडा बाजूला असलेली) आहे, .५४, संथ ट्विस्टची, आणि मी कापडी पॅचमधली गोल शिशाची गोळीच वापरते. कापडी पॅच सॅबोट धरत नाहीत. नियमात .५० पर्यंतच्या बंदुकीला गोळी कमीत कमी १७० ग्रेन आणि .५० च्या वरच्याला २१० ग्रेन लागते. .५० मधली .४९० ची गोल गोळी साधारण १७७ ग्रेन भरते म्हणजे जेमतेम बसते, .५४ मधली .५३० ची २२४ च्या आसपास. पाइनवाटा, तुम्हाला मात्र गोल गोळी मी सुचवणार नाही, १:२८ च्या नळीत ती आटे नीट पकडत नाही, आणि एल्कला .५० ची गोल गोळी मला स्वतःला कमी वाटते. हे लिहिण्याचं कारण दुसरंच आहे.

गोल गोळीने शिकार करणाऱ्याला एक शिस्त आपोआप लागते. गोळी हलकी, लवकर वेग सोडते, म्हणून ६०, फार तर ७५ यार्ड, आणि तेही जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच. ही शिस्त ४४४ ग्रेनवाल्यांनीही पाळली तर निम्मे हरवलेले एल्क हरवणार नाहीत. वजनदार गोळी मिळाली म्हणून लोक समोरून येणाऱ्या जनावरावर बार काढतात, तिथे फरा, छातीचं हाड, खांद्याचा जाड स्नायू सगळं मध्ये येतं. आडवं किंवा किंचित पाठमोरं तिरकं, एवढंच घ्या. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापाशी माशी टेकवा. तिरकं असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांसमोर आणा आणि गोळी त्याच्याकडे बाहेर पडेल असा नेम धरा. खूप वर मारलं तर भोकातून रक्त खाली यायला छाती भरावी लागते, तोवर ती कुठल्या कुठे गेलेली असते.

बार झाला की धुराचा ढग समोर उभा राहतो आणि आपल्याला काहीच दिसत नाही, रायफलवाल्यांना याची सवय नसते. म्हणून बार काढायच्या आधीच ती कुठल्या झाडाशेजारी उभी आहे ते मनात पक्कं करा. मग एका बाजूला सरकून बघा, कान द्या, फांद्या मोडल्याचा आवाज कुठे गेला ते ऐका, आणि जागचे न हलता आधी बंदूक पुन्हा भरा. फुप्फुसात लागलेली असेल तर शंभर दीडशे यार्डात आडवी होते, पण अर्धा तास बसून राहा. पोटात लागल्याची शंका असेल, वाकून चालत गेली, रक्तात हिरवट काही दिसलं, तर तासन् तास थांबावं लागतं, आणि सप्टेंबरच्या उन्हात मांसाची काळजी असते तरी थांबावं लागतं, कारण हुसकावलेली एल्क डोंगर ओलांडून जाते.

मांस म्हणाल तर पडल्या पडल्या कातडी काढून मोकळं करा. त्या जाड कातडीखाली मांडीच्या हाडापाशी उष्णता तासन् तास धरून राहते आणि तिथूनच वास यायला सुरुवात होते. चार पाय सुटे करून कापडी पिशव्यांत, सावलीत, वारा लागेल असे टांगा.

जुना_केप:

रानजाई ताईंनी बार कुठे टाकायचा ते लिहिलंय ते छापून घ्या.

पाइनवाटा, शिशाबद्दल. काळजी रास्त आहे, मुलं असतील तर जास्तच. वेगवान रायफलची शिशाची गोळी जशी बारीक कणांत उडते तशी सेकंदाला १३०० फूट वेगाने जाणारी जड मऊ गोळी उडत नाही, बहुतेक वेळा ती एकसंध राहते किंवा आरपार जाते. म्हणून शिसं अजिबात राहत नाही असं मात्र नाही. जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस हात आखडता न घेता कापून टाका, त्या भागाचा खिमा करू नका, आणि फऱ्यातून न मारता फासळ्यांतून मारलं तर खाण्याचं मांस मुळातच वाचतं. आतडी आणि कापून टाकलेलं मांस गरुड, कावळे खातात, ते शिसं त्यांच्याही पोटात जातं, तेव्हा जमल्यास पुरून टाका. घरातल्यांना शिसं नकोच असेल तर पूर्ण बोअरची तांब्याची गोळी घ्या, नळीच्या मापाची मिळते, फक्त लांबी मोजा, आणि वजन कमी आहे हे लक्षात ठेवून अंतर अजून आखडा. त्यात काही कमीपणा नाही, ७० यार्डावर फासळ्यांतून गेलेली तांब्याची गोळी उत्तम काम करते.

पॉवरबेल्टबद्दल भटक्या जे म्हणतात ते मला मान्य आहे, जड घेतली तर. माझी पसंती तरी नुसत्या शिशाचीच, कारण ती आटे घट्ट पकडते आणि खांद्यावर घेऊन दिवसभर डोंगर चढलो तरी हलत नाही. दोन्ही थोड्या थोड्या आणा आणि तुमच्या नळीला विचारा, तिचं उत्तर आमच्या सगळ्यांच्या मतापेक्षा खरं.

पाइनवाटा:

ठरलं मग, ४०० च्या वरची शिशाची कोनिकल आणि ४०५ ची पॉवरबेल्ट दोन्ही मागवतो, नळी आधी मोजतो. बायकोशी बोलून तांब्याचंही बघतो. झीरो करताना नळी साफ हवी का काजळी बसलेली? आणि पावसाचं काय करता, दुपारी वर ढग भरून येतातच.

फ्लॅटटॉप्स_भटक्या:

जशी रानात नेणार तशीच. साफ नळीतला पहिला बार आणि काजळीतला दुसरा वेगळ्या ठिकाणी लागू शकतो, आणि एल्कवर जातो तो पहिलाच. सकाळी तेल पुसून कोरडी केलेली नळी, दोन प्रायमर नुसते उडवून आतला ओलावा घालवायचा, मग भरायची, एक बार काढायचा, साफ करायची, पुन्हा तसंच. असे पहिले बार एका कागदावर जमवा, वेगवेगळ्या दिवशीचे असले तर आणखी चांगलं. साध्या पेपर प्लेटवर, आठ इंचाच्या, गुडघ्यावर बसून किंवा काठीला टेकून, बेंचवरून नाही. ज्या अंतरापर्यंत सगळे प्लेटमध्ये राहतात ते तुमचं अंतर, मग ते १०० असो का ६५.

पावसाला नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची टेप एक पट्टी, गोळीच्या आधी नळीतल्या हवेनेच ती फाटते, नेमाला काही होत नाही. प्रायमरची जागा झाकून ठेवा. आणि रात्री बंदूक गरम तंबूत आणू नका, थंड नळी उबेत आली की आतून घाम फुटतो आणि सकाळी दारू ओली. प्रायमर काढून, बाहेरच थंडीत, कोरड्या खोळीत ठेवा.